मुद्दा नंबर सात

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार

आज वाशीमच्या इतिहासात नोंद करण्यासारखा दिवस. नागपूरच्या मोठ्या ऑफिसातून पत्र आलं. आमच्या सोसायटीच्या कापूस खरेदी केंद्राला मशीन मिळायची शक्यता आहे. कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं मशीनमध्ये टाकायची, आणि कोणत्या शेतकऱ्याची गाडी कधी आत घ्यायची ते मशीन छापून देणार. फाटकावरची भांडणं संपली.

सोबत पूर्वतयारीची यादी. बारा मुद्दे, टाईप केलेले. खोली कशी हवी, वीज कशी हवी, वगैरे. मुद्दा सात: सभासदांची शुद्ध यादी, एका माणसाला एकच नंबर, कोणी दोनदा येता कामा नये. याच्याखाली कोणीतरी पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत. शाई उगाच वाया घालवतात.

१४ डिसेंबरला इंजिनियर तपासायला येणार. पास झालो तर मशीन आमचं. नापास झालो तर कारंज्याचं.

मॅनेजरसाहेबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, उकंडराव, तुमी पाहून घ्या. एवढंच म्हणाले, पण त्या म्हणण्यात सगळं आलं. मी बावीस वर्षं हेडक्लार्क आहे. मशीन आलं की त्याला सुपरिंटेंडेंट लागणार. तो बाहेरून आणणार का?

इंद्रभान माझ्या हाताखालचा ज्युनिअर क्लार्क. तो म्हणाला, सर, सातवा मुद्दा अवघड हाय, थो पहिले करू. मी म्हणालो, सहाच्या आधी सात येतो का?

हा इंद्रभानसुद्धा आडनाव वानखडेच लावतो. नवीन माणूस आला की विचारतो, तुम्ही नातेवाईक का? मला दर वेळी सांगावं लागतं की त्यांचे वानखडे वेगळे, आमचे वेगळे. त्याच्या घराण्याने छप्पन साली धम्म घेतला. तेव्हापासून त्या घरात जो तो वाचतच असतो. आडनाव एक असलं म्हणून माणसं एक होत नाहीत, हे लोकांना कळू नये?

संकल्प: रोज एक मुद्दा संपवायचा. बारा दिवसांत तयारी पूर्ण. उरलेल्या दिवसांत विश्रांती.

७ नोव्हेंबर

पेंटरकडून पाटी करून घेतली. "उकंडराव भि. वानखडे, मशीन सुपरिंटेंडेंट." पांढऱ्यावर निळी अक्षरं. बारा मुद्द्यांत पाटी नाही, पण मुद्दा शून्य म्हणायला हरकत नाही. पाया महत्त्वाचा.

इंद्रभानने पाटी वाचली आणि सातव्या मुद्द्याचा कागद पुढे ओढला. मुद्दाम.

१० नोव्हेंबर

मुद्दा एक: खोलीत धूळ नको. बारदान्याची खोली रिकामी केली. आता आपलं हे जिनिंग. इथं कापसाची रुई वेगळी होते आणि सरकी वेगळी. बाकी जी बारीक रेच उडते ती सगळी हवेत. भिंतीवर, चहात, माझ्या भुवयांवर. म्हणून दोन्ही खिडक्या विटांनी बुजवल्या. दाराच्या फटींना जुनी गोणपाटं ठोकली. आत गेलं की काहीच दिसत नाही, म्हणजे धूळही दिसत नाही.

बाहेर फलक लावला: "चपला काढून आत यावे."

११ नोव्हेंबर

माझी चप्पल गेली. डावी.

१४ नोव्हेंबर

रुखमाबाई झाडणारी. तिला सांगितलं की रोज सकाळी खोली धुवायची, कोरडं झाडलं तर धूळ उडते. ती म्हणाली, खिडक्या बुजवल्या, मंग थे वाळन कशी? मी म्हणालो, तुला पगार झाडायचा मिळतो, विचार करायचा नाही. ती म्हणाली, विचाराचा पगार कोनाले भेटते इथं?

या बाईची तोंडी तक्रार मॅनेजरसाहेबांकडे केली. ते हसले. त्यांचं हसणं बरोबर नाही.

१६ नोव्हेंबर

मुद्दा पाच: अर्थिंग. देवला वायरमन आला. म्हणाला, खोल खड्डा करा लागते, त्याच्यात कोळसा अन खडं मीठ थरावर थर, मंदी तांब्याची पट्टी, वरून रोज पाणी. म्हणजे वीज जमिनीत उतरते, मशीनला झटका बसत नाही. चाळीस किलो मीठ आणलं. खड्डा खोलीच्या मागे केला, जिथं गाड्या उभ्या राहतात तिथं. देवला म्हणाला, वरून फरशी टाका. मी म्हणालो, इंजिनियरला दिसलं पाहिजे. केलेलं काम झाकून ठेवायची मला सवय नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळी ९

बैलांनी अर्थिंग खाल्लं.

सकाळी ११

सविस्तर लिहितो. अंदाजे दोनशे गाड्या पाळीसाठी उभ्या आहेत. चार-चार दिवस उभे राहून बैल कंटाळलेले. त्यांना मिठाचा वास लागला. एकाने मान सोडवली, त्याच्या मागे बाकीचे. अर्धा खड्डा चाटून साफ. एका बैलाच्या तोंडाला कोळसा लागलेला, तो घेऊन तो माझ्याकडेच पाहत होता.

मी गाडीवाल्यांना फैलावर घेतलं. एक म्हातारा म्हणाला, साहेब, तुमी बैलाईसाठी मीठ ठेवलं असन असं वाटलं आमाले, तुमाले दुवा देऊन राह्यलो होतो. या लोकांना कशाचीच किंमत नाही.

आणखी चाळीस किलो मागवलं. फरशी टाकली. फरशी टाकायची हे मी आधीपासूनच म्हणत होतो.

२० नोव्हेंबर

मुद्दा चार: व्होल्टेज स्थिर हवं. देवला म्हणाला, सरकी काढायची जिनं चालू असली की व्होल्टेज पडते. मग मोजायचं कसं? जिनं बंद करून. म्हणून आज दुपारी दोन तास जिनं बंद ठेवायची ऑर्डर काढली. व्होल्टेज एकदम उत्तम. दोनशे तीसच्या जवळ. रिमार्क लिहिला: समाधानकारक.

बाहेर गाडीवाल्यांनी आरडाओरडा केला. दोन तासांत चौदा गाड्या आत गेल्या असत्या म्हणे. इंद्रभानने विचारलं, सर, मशीन आल्यावर जिनं बंदच ठेवायची का? मी त्याला सांगितलं की तुझा स्वभाव नकारात्मक आहे. तो म्हणाला, हो सर. अशी माणसं पुढे जात नाहीत.

२१ नोव्हेंबर

एक बाई आली खिडकीवर. भुरीबाई. मानोऱ्याच्या वाटेवरच्या तांड्यातली. कापसाची गाडी घेऊन एकटीच आली आहे. नवरा ऊसतोडीला गेला, ही कापूस वेचायला मागे राहिली. मुकादमाचा शेवटचा ट्रक १५ डिसेंबरला तांड्यावरून निघणार, त्यात ही जाणार. नवरा तिथं एकटा, कोयता एकट्याने चालत नाही. ट्रक चुकला तर सगळा हंगाम गेला. हे सगळं मला कशाला सांगायचं? मी विचारलं, नाव काय सभासदाचं?

तर नवऱ्याचं नाव सांगेना. पदर तोंडावर घेतला. मी दोनदा विचारलं. म्हणाली, रामीबाईच्या पोराची गाडी हाय.

मी म्हणालो, रामीबाई सभासद आहे का? नाही. मग? म्हणाली, थे माही सासू हाय. मग नवऱ्याचं नाव सांग. नाही. सासऱ्याचं? ते पण नाही. रामीबाईचा पोरगा, एवढंच.

शेवटी मागच्या गाडीवाल्याने सांगितलं, खेमा धरमसिंग राठोड. इंद्रभानने वहीत लिहून घेतलं आणि तिच्याकडे पाहून मान हलवली, जणू काही फार मोठी गोष्ट कळली.

ज्या बाईला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, तिच्या कापसाची खात्री काय?

२३ नोव्हेंबर, सायंकाळी

आज मुद्दा सात एका दिवसात संपवला. इंद्रभान म्हणाला होता महिना लागेल. नाचता येईना अंगण वाकडं.

माझी पद्धत सोपी. ज्यांचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव एक, ते सगळे एकच माणूस. एक माणूस दोन-दोन चिठ्ठ्या काढतो आणि दोनदा पाळी लावतो, हे मला केव्हापासून दिसतं आहे. सगळी बोगसगिरी. जो नंबर आधीचा तो ठेवायचा, नंतरचा लाल पेन्सिलीने काटायचा.

इंद्रभान वाचत गेला, मी "काट" म्हणत गेलो. नावं वाचू नको, वेळ जातो, नुसते नंबर वाच म्हणालो. तो म्हणाला, एकशे अठरा, दोनशे तेहेतीस, दोनशे चौऱ्याहत्तर, तिघं एकाच नावाचे. मी म्हणालो, एकशे अठरा ठेव, दोन काट. तो म्हणाला, हे तीन खेमा हायेत सर, तीन तांड्यांतले. मी म्हणालो, तीन तांड्यांत फिरणारा एक खेमा आहे.

पुढे एका जागी तो थांबला. एकेचाळीस आणि तीनशे सहा. पेन्सिल नुसती धरून बसला. म्हणाला, सर, हे नाव एकदा पाहून घेता का? मी म्हणालो, तुझ्या ओळखीचा असेल, म्हणून थांबलास. तो म्हणाला, दोघंही ओळखीचे हायेत. मी म्हणालो, ओळखपाळख इथं चालायची नाही. काट. तो म्हणाला, नक्की काटू? मी म्हणालो, एक अक्षर बोललास तर लेखी मेमो देईन.

काटलं. प्रत्येक पानावर मी सही केली. एकशे बारा बोगस नावं गेली. आज झोप चांगली लागेल.

२४ नोव्हेंबर

इंद्रभान एक कल्पना घेऊन आला. म्हणतो, यादीत एक रकाना वाढवू, मायच्या नावाचा. तांड्यांत नावं तीच तीच असतात, बापांचीही तीच. पण बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासूचं घेतात. त्या बाईने सांगितलं तसं. माय लावली की तिन्ही खेमा वेगळे होतात.

सरकारी कागदावर बायांची नावं. मी आयुष्यात असं ऐकलं नाही. मी म्हणालो, उद्या मावशीचा रकाना कर. तो म्हणाला, मावशी नाही लागत सर, माय पुरते.

याला आता ऑफिसात ठेवणं धोक्याचं. त्याची बदली फाटकावर केली. दिवसभर बाहेर उन्हात स्टुलावर बसायचं, गाड्या मोजायच्या. त्याने वही मागितली. दिली. मोजू दे.

२८ नोव्हेंबर

नंबर ११८ ची पाळी आली, खेमाची गाडी आत गेली, मोजली, संपलं. मग बाकीचे दोघे आले. एक काळा उंच, दोनशे तेहेतीसवाला, आणि ती भुरीबाई. मी यादी दाखवली. म्हणालो, खेमा धरमसिंग राठोड यांचा कापूस मोजला गेला आहे. पुढची पाळी पंधरा दिवसांनी, नियमाप्रमाणे. उंच माणूस म्हणाला, मी तं इथंच उभा हाव, मोजला कोनाचा? मी म्हणालो, तुझाच.

तो जाऊन आपल्या गाडीतला कापूस पाहून आला.

भुरीबाई त्या उंच माणसाकडे बोट करून म्हणाली, साहेब, थे रामीबाईचे नाहीत, थे हिरीबाईचे हायेत. ज्याची गाडी गेली थो सोनीबाईचा. मी खिडकी लावून घेतली. रेच आत येते.

१ डिसेंबर

भुरीबाई मशीनच्या खोलीच्या दारात बसून आहे. चपला काढून. मी उठवायला गेलो. म्हणाली, फलक लावला ना तुमी, चपला काढल्या. इथं माहा कापूस मोजल्याबिगर उठत नाही. दिवसा इथं बसते, संध्याकाळी गाडीजवळ जाते, सकाळी परत.

मी म्हणालो, अशाने यंत्राच्या कामात अडथळा येतो. म्हणाली, कुठं हाय यंत्र? मी म्हणालो, येणार आहे. म्हणाली, माहा ट्रक बी येनार हाय.

मला या बाईचा भयंकर राग येतो. लिहून ठेवतो म्हणजे निदान कुठेतरी नोंद राहील.

४ डिसेंबर

नागपूरला लेखी तक्रार पाठवली, तीन प्रतींत. एक: इंद्रभान वानखडे हा कनिष्ठ लिपिक तयारीत जाणीवपूर्वक अडथळे आणतो. दोन: सभासदांच्या मातोश्रींची चौकशी करतो. तीन: बैलांच्या प्रकरणात हसला. खाली सही, आणि सहीखाली हुद्दा लिहिला: मशीन सुपरिंटेंडेंट (नियोजित).

६ डिसेंबर

कोरी कार्डं आली. दहा हजार. जाड, पिवळसर, कोपरा कापलेला. हात लावायला सुंदर. कपाट नाही, म्हणून खोलीतच जमिनीवर थप्प्या रचल्या.

मुद्दा दोन: तापमान चोवीसच्या आत. मॅनेजरसाहेबांच्या घरून वाळ्याचा कूलर आणला. ते म्हणाले, डिसेंबरात कूलर? मी म्हणालो, शिस्त ऋतू पाहत नाही. रुखमाबाई आता खोली घोंगडी पांघरून धुते.

देवला विचारत होता, मुद्दा तीन काय आहे. मी पाहिला. "खोलीत दमटपणा नको." तो आपला सर्वसाधारण सूचनेचा भाग आहे.

९ डिसेंबर

फाटकावर इंद्रभानभोवती गर्दी असते. बाया जास्त. जी येते ती त्याला सासूचं नाव सांगते, आणि मग सासूबद्दल आणखी पुष्कळ सांगते. तो ऐकतो आणि लिहितो. त्याला कोणी ना कोणी चहा पाजतं. मी बावीस वर्षं या खिडकीत आहे, मला एकाने कधी चहा विचारला नाही. माझ्या वागण्यात एक अंतर आहे, लोक त्याला भितात. ते बरोबरच आहे.

संकल्प: उद्यापासून थोडं हसून बोलायचं.

१० डिसेंबर

हसलो. रुखमाबाईने विचारलं, दात दुखते का?

१३ डिसेंबर

उद्या इन्स्पेक्शन. सर्व तयार. बारापैकी अकरा मुद्दे पूर्ण, बारावा उंदरांचा, तो उंदरांवर अवलंबून आहे.

खोलीत शेवटची फेरी मारली. थंडगार. कार्डांच्या थप्प्या थोड्या उंच झाल्यासारख्या वाटल्या. चांगलं लक्षण आहे, भरल्यासारखं दिसतं.

भुरीबाईला सांगितलं की उद्या साहेब येणार, दारात बसू नको. म्हणाली, परवा सकाळी ट्रक निंगते, उद्या मले सांजेपर्यंत तांड्यावर जा लागते. उद्या मोजा, मंग बसत नाही. सौदा करते. माझ्याशी.

भाषणाची तयारी केली. पहिलं वाक्य: "महोदय, आज वाशीमने जगाबरोबर पाऊल टाकले आहे."

१४ डिसेंबर, दुपारी १

इंजिनियर आला. मी म्हातारा, टाय घातलेला माणूस समजलो होतो. हा पोरगा. बुशशर्ट, चष्मा, हातात डबा. दारात भुरीबाई बसलेली होतीच. तिने त्याला सांगितलं, चपला काढा. त्याने काढल्या.

आत गेला. अंधार. बॅटरी लावली. वरच्या थप्पीतलं एक कार्ड उचललं, दोन्ही टोकं धरून वाकवलं. ते वाकून तसंच राहिलं. त्याने आणखी एक उचललं. मग ओल्या फरशीकडे पाहिलं, मग कूलरकडे. विचारलं, हे कशाला? मी भाषण सुरू केलं. पाऊल टाकले आहेपर्यंत पोचलो, तेवढ्यात तो म्हणाला, खोली राहू द्या, खोल्या आठ दिवसांत होतात, यादी दाखवा.

यादी दिली. सुबक, सह्या केलेली. त्याने मधूनच एक नंबर काढला. नेमका ११८. दीडेक हजार नंबर होते यादीत, माझं नशीब पहा. म्हणाला, हा माणूस आहे का इथं? बोलवा.

फाटकावरून इंद्रभानने आवाज दिला, खेमा धरमसिंग राठोड. तीन जण उभे राहिले. सोनीबाईचा खेमा दुसरी गाडी घेऊन आला होता. उंच खेमा तर पंधरा दिवस इथंच आहे. आणि भुरीबाई दारातून उठून उभी राहिली.

इंजिनियर म्हणाला, यातला ११८ कोणता? मी म्हणालो, तिघे मिळून एक. असं मी म्हणालो. मला दुसरं काय म्हणता आलं असतं?

तो म्हातारा गाडीवाला, मिठाचा दुवा देणारा, गाडीवरूनच म्हणाला, साहेब, असं नाई इचारत. रामीचा, हिरीचा, का सोनीचा, असं इचारा लागते.

इंजिनियरने विचारलं, हे कुठं लिहिलेलं आहे का? इंद्रभानने ती वही पुढे केली. मीच दिलेली वही. मग दोघे बैलगाडीच्या सावलीत बसले, दोन तास. मला बोलावलं नाही. मी पाटीवरची धूळ पुसली.

सायंकाळी ४

भुरीबाईची गाडी मोजली. इंजिनियरच्या समोरच इंद्रभानने चिठ्ठी लिहिली: खेमा धरमसिंग, रामीबाईचा. गाडी रिकामी करून, बैल जुंपून ती निघाली. ट्रक उद्या सकाळी आहे, रात्रभर गाडी हाकावी लागणार. मी तोंड फिरवून उभा होतो तर मुद्दाम माझ्याजवळ थांबली. म्हणाली, साहेब, तुमची खोली लय चांगली हाय, वारा नाई, उजेड नाई. तिथं कापूस ठिवा.

१५ डिसेंबर

कारंज्यालाही मशीन नाही, असं ऐकलं. थोडं बरं वाटलं.

१९ डिसेंबर

नागपूरची ऑर्डर. मशीन आमच्याच केंद्राला. मी बरोबरच होतो! नवीन खोली ऑफिसच्या पलीकडे, उजेडाची. दहा हजार कार्डं पुन्हा येणार. यादीचं आणि मशीनचं काम इंद्रभान वानखडे यांच्याकडे. मी "फाटकावरील नियंत्रण" पाहायचं. माझ्या तीन प्रतींतल्या तक्रारीचा उल्लेख आहे: "आपल्या पत्रातून श्री. इंद्रभान यांच्या कामाची माहिती मिळाली, त्याबद्दल आभार." तिन्ही प्रती वाचल्या म्हणजे.

वानखडेच लिहिलं आहे. कोणी वरवर वाचलं तर मीच वाटेन. पाटी ठेवून दिली आहे.

बारदान्याच्या खोलीत आता ओला कापूससुद्धा ठेवत नाहीत.

२६ डिसेंबर

फाटकावर स्टूल. ऊन नुसतं डोक्यावर. रुखमाबाई विचारून गेली, साहेब, कूलर आनू का?

२८ डिसेंबर, दुपारी

धाकटा भाऊ अनसिंगहून कापसाची गाडी घेऊन आला. शेत तोच पाहतो, सभासद मात्र मी, बाबांनी माझ्या नावाने केलेलं. मी त्याला म्हणालो, रांगेत उभं राहायची गरज नाही, फाटकावर मी आहे. चिठ्ठीसाठी खिडकीत गेलो.

माझ्या खिडकीत. आतून इंद्रभान.

तो म्हणाला, नंबर सांगा. मी म्हणालो, मला काय माहीत, तूच शोध. त्याने जुनी यादी काढली. लाल पेन्सिलीचं पान माझ्याकडे फिरवलं. ३०६, उकंडराव भिवाजी वानखडे, अनसिंग. त्यावर लाल रेघ. खाली माझी सही. आणि ठेवलेला नंबर ४१, उकंडराव भिवाजी वानखडे, जऊळका. इंद्रभानचा चुलता.

मी म्हणालो, हे तू त्या दिवशी सांगायला पाहिजे होतंस. तो म्हणाला, तुमी मेमो देनार होते.

मी म्हणालो, तुझ्या वहीत माझं नाव असेल ना. तो म्हणाला, वहीत फाटकावर आलेल्यांची नावं हायेत. तुमी कधी आलेच नाही. आता लिहून घेतो.

मागे पंधरा-वीस माणसं उभी होती. सगळी ऐकत होती. तो उंच खेमाही होता.

इंद्रभानने लेखणी उघडली. नाव. मग बापाचं नाव. मग गाव. मग थांबला आणि खाली पाहूनच म्हणाला, मायचं नाव सांगा, सर.

मला पटकन आठवेना. खरंच आठवेना. बाई म्हणून हाक मारायचो, गावात उकंडाची माय म्हणायचे, कागदावर कुठंच नाव नव्हतं. गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. मागून कोणीतरी म्हणालं, सांगा न साहेब, खोळंबा होऊन राह्यला.

पंचफुला, मी म्हणालो.

त्याने लिहिलं. चुलत्याच्या आईचं नाव भागिरथा आहे, म्हणून मी वेगळा माणूस ठरलो. नंबर १६१२. पाळी पाच जानेवारीला.

सायंकाळी ५

भाऊ अनसिंगला परत गेला, मागे गुरं आहेत. गाडीजवळ कोणी तरी थांबावं लागतं, म्हणून मी थांबलो आहे. माझ्या पुढची गाडी जऊळक्याची. तो उकंडराव म्हातारा आहे, दात नाहीत. म्हणाला, तुमी तं माहे नावरास, या, इकडे सावलीत बसा, भाकर खा.

बसलो. आभार मानले नाहीत. रेच उडत होती, भाकरीवरही पडली.